अठरावा अर्ज

१७ नोव्हेंबर २००४, बुधवार

दिवाळी संपली, फराळाचे डबे तळाला गेले आणि पेठेचा खरा सण सुरू झाला. असोसिएशनच्या ऑफिसबाहेर नोटीस लागली आहे. फुटबॉल खेळाडूंची नोंदणी तीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत. एक मिनिट उशीर झाला तरी अर्ज घेत नाहीत. ज्या संघाकडून अर्ज गेला त्या संघाला खेळाडू दोन हंगाम बांधला. आणि एकाच खेळाडूचे दोन संघांकडून अर्ज आले तर तो दोन्हीकडून बाद, वर्षभर घरी बसायचं.

आमच्या म्हसोबा तालमीत असला घोळ होत नाही. आमचे खेळाडू दसऱ्यालाच म्हसोबापुढं कोऱ्या अर्जावर सही करतात. अर्जांना गुलाल लावायचा, पत्र्याच्या पेटीत घालायचे आणि शेवटच्या दिवशी हलगी लावून मिरवत न्यायचे. आधी दिले तर पलीकडच्या पेठेतल्या तोफखाना तालमीला आमची यादी कळते. अर्ज भरतो मी, कारण पेठेत अक्षर माझं. पेटी माझ्या घरी आणि किल्ली माझ्या करगोट्याला.

चौकातला फळाही तेवीस वर्षं मीच लिहितोय. धंद्यानं पेंटर. दुकानदार आता फ्लेक्स छापून आणतात, दसऱ्यापासून माझ्या हातून तीनच पाट्या गेल्या. पण फळ्याला अजून कुणी फ्लेक्स लावलेला नाही. कोण कुठल्या संघात गेला, कोण आला, कोण कामाचा आणि कोण नुसता केस वाढवून आलाय, हे सयाजी इंगवल्यानं लिहिल्याशिवाय पेठेला पटत नाही.

रात्री जेवताना राजवीरनं विचारलं, "आबा, सही केलेला अर्ज परत मागता येतोय काय?"

म्हटलं, "कुणाला मागायचाय? नाव सांग, उद्या फळ्यावर घेतो."

त्यानं आमटी वाढून घेतली. आमचा राजवीर तालमीचा फॉरवर्ड, गेल्या हंगामात अकरा गोल. बी. कॉम. झालाय आणि सध्या माझ्याबरोबर रंग कालवतोय. टीममधला कुणीतरी गळतोय आणि ह्याला ते ठाऊक आहे, पण मित्राचं नाव सांगत नाही. पोरगं मनानं मोठं आहे, माझ्यावर गेलंय.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

धोंडुबाईच्या चहाच्या गाड्यावर आज बातमी फुटली. तोफखान्यानं एक फॉरवर्ड उचललाय. कुठला, कुणाचा, काही पत्ता नाही. तरी सगळ्यांची मतं तयार.

गुरुसिद्ध म्हणाला, "गोव्याचा असंल." हा केबलवर इंग्लंडच्या मॅची बघतो आणि खेळाडूंच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी तिथं टीव्हीवर घड्याळ लावतात ते आम्हाला दरवर्षी सांगतो. "तिकडं कुणी कुठंबी जातंय, सयाजीमामा. त्यात वाईट कोण मानत न्हाय."

धोंडुबाई गाळणी आपटत म्हणाली, "त्यास्नी पेठ हाय व्हय? आन् गोव्याचा कशाला येतोय हितं? गेल्या साली गडहिंग्लजचा हाफ आणला त्यांनी. डाव्या पायानं नुसता बॉलला नमस्कार करायचा."

अध्यक्ष गणपतरावांचं म्हणणं, फॉरवर्ड पेठांतलाच असणार. बाहेरचा असता तर तोफखान्यानं एव्हाना फटाके लावले असते. हे मला पटलं. लगेच खडू घेतला :

"तोफखान्यास नवा फॉरवर्ड लाभल्याचे समजते. ज्याला स्वतःची पेठ धरून ठेवता आली नाही, तो बॉल किती धरणार? त्याच्या आईवडिलांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. राजवीर मागं सायकल धरून उभा होता. चहाला हाक मारली, पण पोटात बरं नाही म्हणाला आणि गेला.

२१ नोव्हेंबर, रविवार

फळा गाजतोय. गणपतराव म्हणाले, जोतीरामच्या फळ्यानंतर असा फळा झाला नाही.

जोतीराम आमचा मधल्या फळीतला हाफ होता. एकाच बाकावर बसून शिकलो आम्ही. ब्याण्णव साली तोफखान्याकडं गेला. तेव्हा मी लिहिलं होतं, "पेठेच्या लेखी जोतीराम वारला. दिवसकार्य स्टेडियमवर." पोरांनी फळ्याला झेंडूचा हार घातला होता. लोक अजून तो पाठ म्हणून दाखवतात. जोतीरामनं एक हंगाम कसाबसा काढला आणि गारगोटीला जाऊन दुकान टाकलं. परत पेठेत पाऊल ठेवलं नाही.

घरी हे सांगून हसत होतो तर ही म्हणाली, "त्याची आई चिमणाबाई नळावर यायची बंद झालती. आठवतंय?"

म्हटलं, "फळा थट्टेचा असतोय. मनाला लावून घ्यायचा नसतोय."

"लिवणाऱ्याला थट्टा," ही म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

२४ नोव्हेंबर, बुधवार

घरात काहीतरी शिजतंय. दूध संघाच्या शिक्क्याचं एक पाकीट आलंय आणि हिनं ते तांदळाच्या डब्याखाली सरकवलंय. दुधाचं केंद्र मिळावं म्हणून अर्ज केला असणार. मला विचारायला घाबरते. करू दे, मी काही नाही म्हणणार नाही.

दुपारी म्हणाली, "अवं, एखादा अर्ज चुकून पेटीत ऱ्हायला तर?"

"तेवीस वर्षांत ऱ्हायला न्हाय."

"ऱ्हायला तर म्हणते मी."

"मग त्या पोराचं पेठेत काय व्हईल? आन् माझं?"

ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली.

संध्याकाळी राजवीर म्हणाला, "आबा, त्यो फळा पुसा की आता. पाच दिस झालं."

"का रं? तुला काय टोचलं?"

"मला काय टोचतंय? खडू उडालाय, वाचाय येईना."

बरोबर होतं त्याचं. पावडर बरीच झडली होती. तसाच चौकात गेलो आणि प्रत्येक अक्षर परत गिरवलं, ठळक. ‘आईवडिलांच्या दुःखात’ला पिवळा खडू वापरला. आता लांबून, रिक्षातूनसुद्धा वाचता येतो.

२९ नोव्हेंबर, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

दुपारी बाराला दारात एक माणूस आला. केस पांढरे, हातात पिशवी. म्हटलं, "या पावणं. कोण पायजे?"

"वळखलं न्हाईस व्हय? तूच माझं दिवस घातलंस की."

जोतीराम. बारा वर्षांनी. मी आत बोलावलं नाही, उठलोही नाही. तो स्वतःच उंबऱ्यावर टेकला. हिनं पाणी आणलं आणि त्याला बघून तिला नवल वाटलं नाही. तिथंच मला कळायला हवं होतं.

"सयाजी, भांडाय आलो न्हाय. तोफखान्याचा फॉरवर्ड म्हंजे तुझा राजवीर. उद्या चारला सही करणार हाय."

मी म्हटलं, "तोंड सांभाळ."

"दूध संघात पर्मनंट घेत्यात त्याला. श्रीशैलनं शब्द टाकलाय, पत्र बी आलंय. पर आधी त्यांच्याकडनं नोंदणी पायजे." श्रीशैल म्हणजे तोफखान्याचा सेक्रेटरी. "तू फकस्त एक कर. त्याचा अर्ज देऊ नको. दिलास तर पोरगं बांधलं जाईल, न्हाईतर दोन्हीकडनं बाद व्हईल."

"तुला कुणी पाठवलं?"

"त्यानंच. गेल्या रविवारी गारगोटीला आलता. म्हणला, काका, आबांना तुमी सांगा. मला सांगाय व्हत न्हाय."

मी हिच्याकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाला लावून.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगायचं?" ती म्हणाली. "तुमच्या हातात खडू असतोय."

जोतीराम पाणी पिऊन गेला. जाताना चौकातून गेला नाही, मागच्या बोळानं गेला. बारा वर्षांनंतरही.

मला आधी राग आला, खरं सांगतो. पोराचा आला, हिचा आला, जोतीरामाचा तर फारच आला. पेटी उघडली आणि त्याचा अर्ज काढून बघितला. सही नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला शेपूट. ते शेपूट मीच शिकवलेलं. मग तो फळा आठवला. दहा दिवस पोरगं त्याच्यासमोरून जातंय. वर मी तो गिरवून आलोय, पिवळ्या खडूनं. चार वाजेपर्यंत भिंतीला टेकून बसलो होतो, चहासुद्धा नको वाटला.

जेवताना राजवीर समोर बसला. जोतीराम येऊन गेला हे त्याला कळलं होतं. दोघांनीही मान वर केली नाही.

शेवटी मी विचारलं, "उद्या किती वाजता?"

"चार."

"बरं."

अर्ज देणार नाही असं मी तोंडानं म्हणालो नाही. कळलं असेल त्याला. एवढ्या शब्दावर तो दोन भाकरी जास्त जेवला.

३० नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पेटीतून अठरावा अर्ज, राजवीरचा, वेगळा काढला. फाडायला हात झाला नाही, वर म्हसोबाचा गुलाल होता. चुलीत घालावा तर तेही होईना. घडी करून बनियनच्या आतल्या खिशात ठेवला आणि सतरा अर्जांचा गठ्ठा तांबड्या फडक्यात बांधला. ही दारापर्यंत आली. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं तिनं. वीस वर्षांत लावलं नव्हतं.

हलगी लागली. पेठेतले दोन-अडीचशे लोक. मला मध्ये घेतलं, डोक्यावर गुलाल. मी हसत होतो. उन्हानं घाम आला आणि खिशातला कागद अंगाला चिकटला. मधूनच वाटायचं की तो सदऱ्यातून दिसतोय.

पावणेचारला ऑफिसच्या व्हरांड्यात पोचलो. गठ्ठा सरळ खिडकीत द्यायचा, असं मी ठरवलं होतं. पण यंदा गणपतराव म्हणाले, "थांब. पोरांसमोर नावं वाचूया. जरा मज्जा यील."

एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावाला आरोळी. सतरा झाली.

"राजवीरचा कुठाय?"

गुरुसिद्ध ओरडला, "बापानंच पळवला काय?"

सगळे खदाखदा हसले. मीही हसायला हवं होतं. तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. मग एकेकाचं हसणं थांबत गेलं आणि हलगीवाला थांबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेवीस वर्षं मी लोकांकडं असंच बघत आलोय, पण ती नजर अंगाला कशी लागते हे आज कळलं. डोळ्यांपुढं फळा आला, त्यावर माझं नाव आणि त्याला झेंडूचा हार. ही नळावर घागर घेऊन उभी आहे आणि बाया बाजूला सरकतायत, असं दिसलं.

"सयाजी?" गणपतराव म्हणाले. एवढंच.

माझा हात सदऱ्यात गेला. मी घातला असं म्हणवत नाही, पण हात माझाच होता. "खिशात ऱ्हायला," मी म्हणालो.

अशी आरोळी उठली की खिडकीतला क्लार्क दचकला. "काळजापाशी ठेवलाय पोराचा अर्ज!" कुणीतरी म्हणालं. क्लार्कनं शिक्का मारला. अठरा.

चार वाजून दहा मिनिटांनी राजवीर मागच्या दारानं श्रीशैलबरोबर आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. क्लार्कनं यादी बघितली आणि म्हणाला, "ह्याचा अर्ज आलाय की. म्हसोबाकडनं."

श्रीशैल भला माणूस. पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "सही झाली न्हवती ते बरं. न्हाईतर पोराचं वरीस गेलं असतं." मग घड्याळ बघितलं. नोकरीची जागा त्यांच्याच दुसऱ्या कुणाला मिळणार, त्याचाही अर्ज पाचच्या आत करायचा होता.

आमच्या लोकांनी राजवीरला श्रीशैलशेजारी बघितलं आणि त्यांच्या मनानं गोष्ट तयार केली. तोफखान्यानं वाघाला दारापर्यंत ओढत आणलं, पण वाघ हलला नाही! उचलला खांद्यावर. गुलालानं त्याचा शर्ट, केस, पापण्या सगळं लाल. वरून त्यानं मला शोधलं आणि बघितलं. राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेला असता.

घरी ही एवढंच म्हणाली, "अर्ज दिलात व्हय?" मी हो म्हणालो. तिनं डब्याखालचं पाकीट काढून पेटीवर ठेवलं.

१ डिसेंबर, बुधवार

सकाळीच गणपतराव दारात. "आज फळा असा लिव्ह की तोफखाना जळला पायजे."

राजवीर म्हणाला, "चला आबा, खडूचा डबा मी धरतो." लहानपणी धरायचा तसा धरला.

मी लिहिलं, "सर्व संघांची खरेदी पाहिली. न विकला गेलेला एकच. पेठेचा वाघ राजवीर." अक्षर चांगलं आलं. तेच वाईट वाटलं.

हळूच विचारलं, "ऱ्हाऊ दे काय?"

"ऱ्हाऊ द्या की. तुमी लिव्हायचं आन् मी वाचायचं. बावीस वर्सं त्येच करालोय."

त्यात टोमणा नव्हता. मी बराच वेळ शोधला.

२ डिसेंबर, गुरुवार

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे उठलो आणि बादली-फडकं घेऊन चौकात गेलो. फळा धुतला. वाळेपर्यंत उभा राहिलो. मग लिहिलं :

"राजवीर तोफखान्याकडे जाणार होता. नोकरी पक्की होती. मला माहीत होते. लोकांना भिऊन मी त्याचा अर्ज दिला. जोतीरामचेही मीच वाईट केले. सयाजी इंगवले. हा फळा थट्टेचा नाही."

खाली तारीख घातली आणि तिथंच पायरीवर बसलो. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा छाती हलकी वाटत होती.

सातला धोंडुबाई गाडा ढकलत आली. तिला वाचता येत नाही, गुरुसिद्धानं वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला आला आणि मांडीवर थाप मारून बसलाच खाली. "हा फळा थट्टेचा न्हाय! मामा, नाद खुळा! तोफखान्याला काय टोला हाणलाय! वाघ म्हणं तिकडं जाणार हुता!"

मी म्हणालो, "गुरुसिद्ध, खरंच हाय त्ये."

"बघा बघा, अजून तोंड कसं सरळ ठेवलंय!"

धोंडुबाईनं चहा दिला आणि जास्तीचं आलं घातलं. लोक जमले. गणपतरावांनी दोनदा वाचला आणि पाठीवर हात ठेवला. "जोतीरामचा फळा मागं टाकलास, सयाजी. वर त्याचंबी नाव घेतलंस. मानलं." मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "आण्णा, म्हसोबाची शपथ, एक अक्षर खोटं न्हाय." त्यांना हसता हसता ठसका लागला. पेपरचा फोटोग्राफर आला. मला फळ्याशेजारी उभं करून म्हणाला, "थोडं उदास बघा, मजकुराला शोभंल."

मी उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

राजवीर साडेआठला आला. गर्दीच्या मागून सगळं वाचलं, शेवटपर्यंत. तो एकटाच हसला नाही. लोक पांगल्यावर जवळ आला, माझ्या हातातली बादली घेतली आणि म्हणाला, "मी वाचलं, आबा." आम्ही चालत घरी आलो.

५ डिसेंबर, रविवार

राजवीर सकाळच्या एस.टी.नं गारगोटीला गेला. जोतीरामला दुकानात हिशेब बघायला माणूस पाहिजे होता. दोन शर्ट, दोन पँटी, दाढीचं सामान. स्टँडवर मी बरोबर गेलो. तो पाया पडला. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी पयली मॅच हाय."

"हाय की," तो म्हणाला.

गाडी हलल्यावर आठवलं, जोतीरामला सांग म्हणून एक निरोप द्यायचा होता. राहून गेला.

कट्ट्यावर विचारलं, वाघ कुठं? म्हणालो, पाव्हण्यांकडं गेलाय, मॅचला येतोय. सगळ्यांना पटलं. माझं सगळंच पटतं त्यांना, खरं तेवढं सोडून.

घरी आलो तर बूट खिळ्याला. धुऊन, आत कागदाचे बोळे घालून, नाडीला नाडी बांधून टांगलेले.

ही म्हणाली, "बूट ऱ्हायलं त्याचं."

मी म्हणालो, "इसरला असंल."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. म्हसोबाकडून नाव गेलंय म्हणजे दोन हंगाम तो दुसऱ्या कुणाकडून खेळू शकत नाही. आणि आमच्याकडून खेळणार नाही. बूट तिथंच राहणार, हे तिला कळलंय आणि मलाही.

गणपतरावांचा निरोप आलाय. शनिवारी फळ्यावर टीम लिहायची. वरचं पहिलं नाव राजवीरचं, मोठ्या अक्षरात, पिवळ्या खडूनं.